बहुमत कुठे मोजायचं?

आमच्या घरात डॉक्टर खऱ्यांचा विषय निघाला की आजी स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "झालं यांचं सुरू." आबाजी खऱ्यांच्या बाजूचे. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे धाकटे आबाजी, पक्के काँग्रेसवाले, अंगात खादी, डोक्यावर टोपी. भांडण १९३८ सालातलं, आणि आम्ही ऐकलं ते पन्नासेक वर्षांनी. तरी आवाज असा चढायचा की शेजाऱ्यांना वाटावं वावराच्या धुऱ्यावरून जुंपली आहे. दोघंही आता नाहीत. गेल्या दिवाळीत पुतण्याने विचारलं, "काका, ते खरे कोण हो? घरात नाव सगळ्यांना माहीत आहे, पण झालं काय होतं ते कुणीच नीट सांगत नाही." त्याच्यासाठी, आणि इथे येऊन वाचणाऱ्या मंडळींसाठी, हे लिहितोय.

आधी गावाबद्दल, नवीन वाचकांसाठी. गिरड वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात, वर्ध्यापासून साठेक किलोमीटरवर. टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा, तिथे हिंदू-मुसलमान दोघंही जातात. टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात. एका बंजारा व्यापाऱ्याने बाबांची थट्टा केली म्हणून त्याच्या मालाचे दगड झाले, अशी कथा आहे. भूगर्भवाले त्या दगडांना झिओलाइट म्हणतात. आम्ही लहानपणी दोन्ही मानायचो, काही अडत नव्हतं. आता गावात दोन 'पार्ट्या' नसतील असं गाव आमच्या भागात शोधून सापडायचं नाही. पार्टी म्हणजे पक्ष नव्हे. एकाच पक्षात दोन पार्ट्या असतात आणि एका पार्टीत तीन पक्ष असू शकतात. हे शहरातल्या मित्रांना समजावताना माझी नेहमी दमछाक होते.

तर १९३८.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली. १९३७ च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेतल्या ११२ पैकी ७० जागा काँग्रेसने जिंकल्या. मत देण्याचा हक्क तेव्हा मालमत्ता, कर, शिक्षण यांवर होता, त्यामुळे गिरडसारख्या गावातले फार थोडे लोक मतदार होते. पण बहुमत स्पष्ट होतं. जुलै १९३७ मध्ये नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे प्रांताचे पंतप्रधान झाले (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधान म्हणत).

हा प्रांत म्हणजे एका दावणीला बांधलेली दोन वेगळ्या चालीची जनावरं. उत्तरेला आणि पूर्वेला हिंदी मुलूख: जबलपूर, सागर, रायपूर, छत्तीसगढ. दक्षिणेला आठ मराठी जिल्हे: नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि वऱ्हाडातले अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ. मंत्रिमंडळात खरे, रामराव देशमुख आणि पुरुषोत्तम गोळे हे मराठी भागातले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता हे हिंदी भागातले. सातवे मंत्री महंमद युसुफ शरीफ. एका कैद्याला मुदतीआधी सोडल्याच्या प्रकरणात ते १९३८ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. उरले सहा. तीन आणि तीन.

आबाजी इथे बोटं मोजून दाखवायचे. "तीन इकडं, तीन तिकडं. मंग बहुमत कोनाचं?"

मंत्र्यांचं आपसात पटत नव्हतं. मे महिन्यात पचमढीला, म्हणजे प्रांताच्या उन्हाळी राजधानीत, काँग्रेसच्या वरिष्ठांनी बसवून समेट घडवला. तो दोन महिनेसुद्धा टिकला नाही. २० जुलैला खऱ्यांनी राजीनामा दिला, त्यांच्यासोबत देशमुख आणि गोळ्यांनीही. हेतू उघड होता. पंतप्रधान गेला की मंत्रिमंडळ जातं, मग नव्याने आपल्या पसंतीचं बनवायचं. विलायतेत तसंच चालतं. पण शुक्ल, मिश्र आणि मेहता म्हणाले, आम्ही राजीनामा देणार नाही, पक्षाने सांगितलं तर देऊ. आणि पक्ष म्हणजे विधानसभेतले आमदार नव्हेत, तर वर बसलेलं संसदीय मंडळ, ज्याची सूत्रं सरदार पटेलांच्या हाती होती.

आता पेच गव्हर्नरसमोर आला. गव्हर्नर होते सर फ्रान्सिस वायली. कायद्याप्रमाणे मंत्री गव्हर्नरच्या मर्जीपर्यंत पदावर. त्यांनी २१ जुलैच्या पहाटे तिघांना बडतर्फ केलं आणि खऱ्यांना पुन्हा शपथ दिली. काँग्रेसच्या मंत्र्यांना इंग्रज गव्हर्नरने काढायचं आणि तेही काँग्रेसच्याच पंतप्रधानाच्या सोयीसाठी! देशभर गहजब झाला.

नव्या मंत्रिमंडळात देशमुख-गोळे होतेच. शिवाय छत्तीसगढचे ठाकूर प्यारेलाल सिंह आणि अस्पृश्य समाजातले अग्निभोज यांना खऱ्यांनी घेतलं. म्हणजे भांडण निव्वळ हिंदी विरुद्ध मराठी नव्हतं. नंतर लोकांनी ते तसं करून टाकलं, आबाजींनीसुद्धा. (अग्निभोजांच्या नेमणुकीवरून गांधींच्या भूमिकेबद्दल पुढे बराच वाद झाला. आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या काँग्रेसवरच्या पुस्तकात तो मुद्दा घेतला आहे.)

हे मंत्रिमंडळ दोन-तीन दिवस चाललं. वर्ध्याला कार्यकारिणी भरली. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. खऱ्यांना बोलावणं गेलं, आणि २३ जुलैला त्यांनी नव्या मंत्रिमंडळाचाही राजीनामा दिला. मग ते सेगावला गांधींकडे गेले (सेवाग्राम हे नाव अजून पडायचं होतं). एका निवेदनाचा मसुदा झाला, गांधींनी त्यात फेरफार केले, खऱ्यांनी तो स्वीकारला नाही. कार्यकारिणीने ठराव केला की खऱ्यांच्या हातून गंभीर चुका झाल्या आणि ते जबाबदारीच्या पदाला पात्र नाहीत. त्यानंतर वर्ध्यातच काँग्रेसच्या आमदारांची बैठक झाली, पक्षाध्यक्षांच्या देखत मतदान झालं आणि रविशंकर शुक्ल नेते निवडले गेले.

धाकटे आबाजी याच जागी टाळी वाजवायचे. "झालं का नाही बहुमत? आमदारांनीच निवडलं ना? मराठी आमदारांनीपन दिलं ना मत?"

दिलं, हे खरं. पण आबाजींचा प्रश्नही खरा होता: नागपूरची विधानसभा सोडून मतदान वर्ध्याला कसं? खऱ्यांना पदाला अपात्र ठरवणारा ठराव आधी आणि मतदान नंतर, हा क्रम कुणी ठरवला?

मला हा सगळा प्रसंग आठवतो तो इथे. एका आठवड्यात चार वेगवेगळ्या ठिकाणी हिशेब झाला. मंत्रिमंडळात तीन-तीन. गव्हर्नरकडे एकाची मर्जी. कार्यकारिणीत एक ठराव. आमदारांच्या बैठकीत शुक्लांचं बहुमत. आणि प्रांताच्या विधानसभेत, जिथे लोकांनी निवडून दिलेले ११२ बसत होते, तिथे मोजणी झालीच नाही. प्रत्येक गट आपली मोजणी खरी म्हणत होता आणि प्रत्येकाच्या बाजूने काहीतरी नियम होता. मोजणीत लबाडी कुणीच केली नव्हती. भांडण मोजणी कुठल्या खोलीत व्हावी याचं होतं.

गांधींनी 'हरिजन'मध्ये याचा खुलासा केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: काँग्रेस घरात लोकशाही संस्था आहे, पण साम्राज्याशी लढताना ती फौज आहे, आणि फौजेत हुकूम वरूनच येतो. मंत्री हे मतदारांना जबाबदार असले तरी पक्षाचे शिपाई. त्या काळात हे पटण्यासारखं होतं, नाकारत नाही. खऱ्यांनी गव्हर्नरचं दार ठोठावलं, हे मला आजही पटत नाही. ज्याच्याविरुद्ध तुम्ही निवडून आलात त्याच्याच अधिकाराने आपल्या सहकाऱ्यांना काढायचं? पण त्याच वेळी, स्वतःच्या पंतप्रधानाने राजीनामा दिल्यावरही मंत्री खुर्चीत बसून राहतात आणि वरच्या हुकमाची वाट पाहतात, यातून पुढे काय काय सवयी लागल्या हे आपण पाहिलंच आहे. मुख्यमंत्री दिल्लीहून ठरायचा आणि आमदारांनी 'एकमताने' निवडायचा, त्याची पहिली तालीम वर्ध्याला झाली असं मी म्हणतो. धाकट्या आबाजींना हे आवडलं नसतं.

या गोष्टीला सात महिन्यांच्या आत एक पुरवणी जोडली गेली, आणि ती आमच्या घरातल्या भांडणात कधी येत नसे, कारण दोघांचीही अडचण व्हायची. जानेवारी १९३९ मध्ये सुभाषबाबू पुन्हा अध्यक्षपदाला उभे राहिले. गांधींचे उमेदवार पट्टाभी सीतारामय्या. सुभाषबाबूंना १५८० मतं, पट्टाभींना १३७७. स्वच्छ बहुमत, सगळ्या देशातल्या प्रतिनिधींचं. तरी फेब्रुवारीत वर्ध्यालाच कार्यकारिणीच्या १५ पैकी १२ सदस्यांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन झालं (पुन्हा आमचाच प्रांत!), तिथे पंतांचा ठराव मंजूर झाला की अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधींच्या इच्छेनुसार नेमावी. एप्रिलच्या अखेरीस सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. ज्यांच्या अध्यक्षतेखाली खऱ्यांना समज दिली गेली, त्यांच्यावरच तीच पाळी आली. बहुमत होतं, पण दुसऱ्या खोलीतलं.

आता जरा लांब जातो. १७८७ सालच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात जेम्स मॅडिसनने टोपणनावाने एक लेख लिहिला. अमेरिकेची नवी राज्यघटना लोकांनी मान्य करावी म्हणून चाललेल्या लेखमालेतला तो दहावा. विषय गट. त्याचं म्हणणं, गट पडणारच. माणसांची मालमत्ता वेगळी, मतं वेगळी, पुढारी वेगळे. गट मोडायचे तर माणसांचं स्वातंत्र्यच मोडावं लागेल, आणि तो उपाय रोगाहून वाईट. गट लहान असेल तर बहुमत त्याला आवरेल. पण गटच बहुमतात आला तर? यावर त्याचा तोडगा असा की राज्य मोठं करा. मोठ्या राज्यात इतके निरनिराळे हितसंबंध असतात की कुठल्याच एका गटाला कायमचं बहुमत जमवता येत नाही. आज एकाशी जुळवून घ्यावं लागतं, उद्या दुसऱ्याशी.

हे वाचलं तेव्हा मला आधी आमच्या पार्ट्याच आठवल्या. गावातली पार्टी कायमची नसते. लग्न जुळलं, पाण्याची पाळी चुकली, सोसायटीच्या निवडणुकीत कुणी शब्द फिरवला की या पार्टीतला माणूस त्या पार्टीत. म्हणून गावात हरलेला माणूस पाच वर्षं तग धरतो. त्याला माहीत असतं, वारं फिरेल.

पण मध्यप्रांत-वऱ्हाड मोठाच होता, आणि तरीही मराठी भागाला वाटलं की इथलं वारं कधी फिरणार नाही. भाषा आणि मुलूख यांवर पडलेला गट माणूस बदलत नाही. खरे प्रकरणानंतर अडीच महिन्यांच्या आत, १ ऑक्टोबर १९३८ रोजी, नागपूरच्या विधानसभेत वेगळ्या विदर्भाचा ठराव मंजूर झाला. मांडणारे रामराव देशमुख. मागणी आधीपासूनची होती, सगळं खऱ्यांमुळे झालं असं नाही. पण वर्ध्याच्या बैठकीची कडू चव तोंडात असताना तो ठराव आला, हे कसं विसरायचं?

याच ठिकाणी आंबेडकर मॅडिसनच्या अगदी उलट्या दिशेने जातात, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. त्यात आमच्या आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं. त्याच वर्षी आंबेडकरांनी भाषावार राज्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दोन बहुमतांत फरक केला. राजकीय बहुमत घडवावं लागतं आणि ते मोडूही शकतं, त्यात कुणीही येऊ शकतं. जातीचं बहुमत जन्मानेच ठरतं, त्यात दुसऱ्याला दार नाही. आपल्याकडे निवडणुकीत दुसरं बहुमत पहिल्याचे कपडे घालून येतं, ही त्यांची काळजी. त्यांचा तोडगा: राज्यं लहान करा. मराठी मुलखाचे चार भाग सुचवले, मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. वर्धा पूर्व महाराष्ट्रात. लहान राज्यात बहुसंख्याकांचं ओझं तुलनेने हलकं, म्हणजे अल्पसंख्याकाला सोसण्याजोगं.

एक म्हणतो खोली मोठी करा, दुसरा म्हणतो लहान करा. दोघांनाही भीती एकच, मोजणीआधीच निकाल ठरलेला असण्याची. मला विचाराल तर आंबेडकरांचं निदान आपल्याकडे जास्त लागू पडतं, औषधाबद्दल मात्र खात्री नाही. लहान राज्यातही एखादी जात पुरेशी मोठी असू शकते. गावात तर असतेच.

प्रत्यक्षात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १९५३ चा नागपूर करार, वर्षातून एक अधिवेशन नागपूरला. १९५६ मध्ये आयोगाची शिफारस बाजूला ठेवून आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. मागासलेपणाचा हिशेब ठेवायला १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. विदर्भाच्या मागणीवर इथे आधी वादावादी झालेली आहे, ती पुन्हा नको. माझे मामेभाऊ आणि मी त्यावर बोलायचं थांबवलंय. :)

शुक्ल १ नोव्हेंबर १९५६ ला नव्या मध्यप्रदेशचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी वारले. खरे पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात गेले, अलवार संस्थानचे पंतप्रधान झाले, हिंदू महासभेत गेले. आबाजींना हा उत्तरार्ध अवघड जायचा. "ते मागाहून," एवढंच म्हणायचे. आणि द्वारकाप्रसाद मिश्र, ज्यांनी पंतप्रधान गेल्यावरही खुर्ची सोडली नव्हती, ते १९६३ मध्ये मध्यप्रदेशचे मुख्यमंत्री झाले. जुलै १९६७ मध्ये, म्हणजे बरोबर २९ वर्षांनी, त्यांच्याच पक्षाचे ३६ आमदार गोविंदनारायण सिंहांबरोबर फुटले आणि सरकार पडलं. पक्षाची शिस्त तेव्हा कामाला आली नाही.

त्याच १९६७ मध्ये हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द भाषेत आला. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली, घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं गेलं. एक तृतीयांश फुटले तर ती फूट वैध, अशी पळवाट त्यात होती. २००३ मध्ये ती काढली, दोन तृतीयांशांचं विलीनीकरण तेवढं ठेवलं. म्हणजे गट असावा की नसावा हे ठरवता येईना, तर केवढा असला की त्याला माफी हे ठरवलं.

आणि मग आपल्याच राज्यात २०२२. शिवसेनेचे बहुतेक आमदार एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. कोण चूक कोण बरोबर यात मी पडत नाही, घरात दोन्ही बाजूचे आहेत. पण प्रश्न बघा. पक्ष म्हणजे कोण? ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नाही. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी खरी शिवसेना कोणती हे ठरवताना विधिमंडळातलं बहुमत आधाराला घेतलं. मी बातम्या बघत होतो आणि मला धाकटे आबाजी दिसत होते. त्यांनी आयुष्यभर पक्ष वरचा, आमदार खालचे असं मांडलं. आबाजींनी आमदार वरचे म्हटलं. पंचाऐंशी वर्षांनी तोच खटला, दुसऱ्या नावांनी.

गावाचंही तेच चाललंय. सरपंच पूर्वी सदस्यांतून निवडायचे. नऊ-अकरा सदस्य असले की पाच-सहा जणांना निवडणुकीनंतर सहलीला नेऊन ठेवायचं आणि थेट मतदानाच्या दिवशी गावात आणायचं, ही पद्धत कुणाला नवीन नाही. २०१७ मध्ये सरकारने सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरवलं. २०२० मध्ये सरकार बदललं, ते रद्द झालं, पुन्हा सदस्यांतून. २०२२ मध्ये सरकार पुन्हा बदललं, पुन्हा थेट. प्रत्येक वेळी कारण लोकशाहीचंच दिलं गेलं. थेट निवडीत होतं असं की सरपंच एका पार्टीचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पार्टीचं, आणि दोघंही म्हणतात गाव आमच्या मागे आहे. दोघांचंही खरं असतं, कारण दोघांनाही त्याच मतदारांनी त्याच दिवशी निवडलेलं असतं. मग नळाच्या पाइपाचा ठराव वर्षभर अडतो. अविश्वास आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि तेवढे जमले तरी थेट निवडलेल्या सरपंचाच्या बाबतीत ग्रामसभेची मान्यता लागते.

पुतण्या पुढच्या पंचायतीला उभा राहायचं म्हणतोय. कुठल्या पार्टीकडून ते अजून ठरलेलं नाही, दोन्हीकडून विचारणा आहे.